ओझ्याखाली मोजायचं

ऑगस्ट लागला की आमच्या दारव्हा तालुक्यात सकाळी वावरावावरातून एकच आवाज येतो, फवारणी पंपाच्या मोटरचा. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पात्याफुलावर आलेली असते, सोयाबीन शेंगा धरत असतं, आणि पावसाने दोन दिवस उघडीप दिली की तेवढ्यात सगळ्यांना फवारणी उरकायची असते. नेमका तेव्हाच पंप बंद पडतो. मजूर येऊन उभे, औषध कालवून ठेवलेलं, आणि खटका दाबला तरी मोटर गप्प. अशा दिवसांत तालुक्याच्या गावी दुरुस्तीच्या दुकानापुढे पंपांची रांग लागते. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले ते या रांगेतल्या पंपांवर.

शाळा दारव्ह्याला होती. खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो, त्यामुळे रोजच्या जाण्यायेण्याचा घरावर भार नव्हता. शाळा सुटल्यावर गावाकडची गाडी यायला बराच वेळ असे. नववीत असताना बाबांचा पंप दुरुस्तीला टाकलेला होता, तो आणायला म्हणून मी त्या दुकानात गेले. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दुकानवाले काकाजी मूळचे रेडिओ-टीव्हीचे कारागीर. पिक्चर ट्यूबचे टीव्ही गेले तसे ते पंप, चार्जर, इन्व्हर्टर आणि कुंपणाच्या झटका मशीनकडे वळले. त्या दिवशी त्यांचे दोन्ही हात अडकलेले होते. म्हणाले, "हे वायर धर बरं जराशी." मी धरली, आणि लाल कुठली, काळी कुठली, उलटी लावली तर काय होतं, हे विचारत राहिले. त्यांनी कंटाळा न करता सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पुन्हा तिथेच.

थोड्या दिवसांनी आई स्वतः येऊन पाहून गेली. काकूंनी केलेला चहा घेतला, टेबलावर काय काय मांडलंय ते नीट पाहिलं, आणि निघताना काकाजींना म्हणाली, "शिकवा तिले, पन ते भिंतीतली लाईट सोडून." काकाजी म्हणाले, "बाई, भिंतीतल्या लाईटीले मी तिले वर्षभर हातच नाई लावू देत." त्यांनी शब्द पाळला. नववीचं अख्खं वर्ष मी चालू वस्तू उघडली ती बारा व्होल्टचीच. आज मला वाटतं, शिकणाऱ्याला याहून चांगली सुरुवात मिळणार नाही. बारा व्होल्टची बॅटरी कोरड्या हाताला झटका देत नाही, पण तिची दोन टोकं जोडली तर वायर लाल होऊन वितळते. फ्यूज कशासाठी असतो हे तिथेच कळतं, आणि जीवही धोक्यात येत नाही.

सुरुवातीला सोल्डरिंग आयर्न, म्हणजे जोड डकवायचं तापतं हत्यार, हातात मिळालंच नाही. मिळाला तो व्होल्ट, करंट, ओहम मोजायचा पिवळा डीटी ८३० मीटर, एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक दोनशे पानी वही. दुकानात येईल ती वस्तू आधी मोजायची आणि वहीत लिहायची. डीसी व्होल्ट कुठे, एसी व्होल्ट कुठे, ओहम मोजताना सप्लाय बंदच हवा, करंट मोजायचा तर लाल पिन दहा अँपिअरच्या भोकात टाकायची आणि काम झालं की लगेच परत जागेवर आणायची. ही शेवटची सवय त्यांनी माझ्या अंगात भिनवली, कारण करंटच्या भोकात पिन राहिली आणि तसंच बॅटरीला लावलं तर मीटर म्हणजे नुसती जोडलेली वायरच.

मोजून मोजून प्रश्न सुटत होते, तसे नवे उभेही राहत होते. टॉर्चमध्ये संपलेला सेल भिंतीवरच्या घड्याळात घातला की महिनोन्महिने चालतो, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मग सेल संपला म्हणजे नेमकं काय झालं? काकाजींनी उत्तर सांगितलं नाही. रांगेतला एक पंप पुढे केला.

"बॅटरी मोज."

मोजली. साडेबारा व्होल्ट. मी म्हटलं, बॅटरी चांगली आहे.

"आता खटका दाब, आन् मीटर लावूनच ठेव."

मोटर एकदा घरघरली आणि मीटरवरचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर घसरला. साडेबाराचे अकरा, दहा, नऊच्या खाली. खटका सोडला तर हळूहळू पुन्हा बारावर.

"बैल उभा पाहून कोनी घेते का? गाडीले जुपून पाह्यते. बॅटरी तशीच. तिले काम दे, मंग मोज."

माझं सगळं इलेक्ट्रॉनिक्स या एका वाक्याभोवती वाढलं. बॅटरीच्या आतही करंटला अडवणारा रेझिस्टन्स असतो, ओहममध्ये मोजतात तो. मोटर अडीच-तीन अँपिअर ओढते तेव्हा त्या आतल्या रेझिस्टन्सवरच तीन-चार व्होल्ट खर्ची पडतात आणि मोटरला उरत नाहीत. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून नुसती मोजलेली बॅटरी धडधाकट दिसते. घड्याळही चिमूटभरच ओढतं, म्हणून थकलेला सेल त्याला पुरतो. ओहमने १८२७ साली मांडलेला नियम, व्होल्ट म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स, शाळेच्या पुस्तकात तीन अक्षरांत येतो. तो वर्गात फळ्यावर आला तेव्हा मला तो पंप दिसत होता.

बॅटरी अशी का होते, तेही इथे सांगते, कारण दर जूनमध्ये शेकडो घरांत हेच होतं. दिवाळीनंतर फवारणी संपली की पंप आहे तसा कोठ्यात टांगला जातो, अर्धवट उतरलेल्या बॅटरीसकट. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि ते मग चार्जिंगने नीट सुटत नाहीत. पंप ठेवण्याआधी पूर्ण चार्ज करायचा आणि महिन्याकाठी एकदा चार्जरला लावायचा. एवढं केलं तरी बॅटरीचा एखादा हंगाम वाढतो. दुकानात आलेल्या प्रत्येकाला मी हे सांगत असे. काकाजींचा बॅटरी विकण्याचा धंदा त्याने कमी होत होता, पण त्यांनी मला कधी थांबवलं नाही.

पंप उघडण्याआधीचा एक नियम मात्र दुकानात कोणासाठीही मोडत नसे. टाकी आधी अंगणात साबणाच्या पाण्याने धुवायची, नळी रिकामी करायची, हातमोजे घालायचे, आणि हात धुतल्याशिवाय तोंडाजवळ न्यायचा नाही. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. तेव्हापासून त्या पिवळसर डाग पडलेल्या टाकीकडे कोणी साधी वस्तू म्हणून पाहत नाही. मी तर नाहीच नाही.

आत पाहिलं तर पंप सरळ असतो. बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून खटका, खटक्यापासून वेग कमीजास्त करायचं बटण, तिथून मोटर, आणि मोटरच्या तोंडाशी प्रेशर स्विच. फवाऱ्याची मूठ सोडली की नळीत दाब वाढतो आणि हा स्विच मोटर थांबवतो. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला धरून लाल पिन एकेका टप्प्यावर टेकवत जायची. जिथपर्यंत बारा दिसतात तिथपर्यंत रस्ता साफ, जिथे गायब होतात त्याच्या आधीच्या तुकड्यात दोष. बहुतेक वेळा सापडायचं ते किरकोळच: टर्मिनलवर चढलेला हिरवट-पांढरा बुरा, खटक्याजवळ आतून तुटलेली वायर, चार्जिंगच्या सॉकेटचा हललेला पाय. पण ते मोजून सापडायचं. अंदाजाने मोटर बदलून गिऱ्हाइकाचे पैसे घालवणं काकाजींना पाप वाटे, आणि मलाही वाटतं.

सोल्डरिंग आयर्न हातात आलं ते दिवाळीच्या सुट्टीत. आयर्न २५ वॅटचं, शोल्डरची, म्हणजे जोडायच्या धातूची, तार साठ-चाळीसची, म्हणजे साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसं. १८३ अंशांना ती नरम व्हायला लागते आणि १९० पर्यंत पूर्ण पातळ होते. शिकायचं ते एवढंच, की तार आयर्नच्या टोकावर वितळवून आणून चोपडायची नसते. टोक बोर्डावरची पट्टी आणि पार्टचा पाय दोघांना एकदम टेकवायचं, दोन-तीन सेकंद तापू द्यायचं आणि मग तार जोडावर लावायची. जोड पुरेसा तापला असला की शोल्डर आपोआप पायाभोवती पसरतो, कडेला उतरता होतो आणि आरशासारखा चमकतो. थंड होईपर्यंत हात हलवायचा नाही. जो जोड मळकट, दाणेदार, गोळीसारखा बसतो तो कोरडा. आज चालेल, बैलगाडीत दोन धक्के बसले की उद्या सुटेल. जुन्या टीव्हीच्या बोर्डांवर भिंगातून पाहिलं की पायाभोवती केसासारखी गोल चीर दिसते, तीच ती. काकाजी बोर्ड हातात द्यायचे आणि अशा चिरा शोधायला लावायचे. त्या बोर्डांवरचे पार्ट काढून, मोजून, रिकाम्या डब्यांत लावून ठेवणं हे माझं काम झालं. रेझिस्टरवरचे रंग पाठ करावे लागलेच नाहीत. पिवळा, जांभळा, लाल दिसला की ४.७ किलोओहम, हे हातातून इतक्यांदा गेलं की तोंडात बसलं.

घरी सरावाला बसले तेव्हा एक वेगळीच अडचण आली. दुपारी जे आयर्न छान चाले, तेच संध्याकाळी सातच्या सुमाराला शोल्डर नीट वितळवेना. जोड सगळे मळकट. टोक घासलं, नवी पेस्ट आणली, काही फरक नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात सांगितलं तर काकाजींनी एकच विचारलं, "संध्याकाळी तुमच्या गावात व्होल्टेज किती राह्यते?"

भिंतीतल्या लाईटीला हात लावायचा नाही हे ठरलेलं. म्हणून बाबांनी स्वतः, माझ्यासमोर, मीटर एसीवर लावून मोजलं. १८० व्होल्ट. मग मी थंड आयर्नच्या प्लगच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजले. दोन हजार एकशेच्या आसपास. वहीत हिशेब मांडला: व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॅट. २३० ला २५ वॅट येतात. १८० ला येतात जेमतेम १५. व्होल्टेज पाव हिश्शानेही घटलं नव्हतं, पण उष्णता मात्र चाळीस टक्के गेली होती, कारण व्होल्ट दोनदा गुणला जातो. संध्याकाळी घराघरांत दिवे, टीव्ही, कूलर लागले की गावाच्या तारा आणि डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, त्या ओझ्याखाली वाकतात. पंपाच्या बॅटरीचं जे झालं तेच सगळ्या गावाचं होत होतं. मी तो आकडा बाबांना दाखवला तेव्हा ते बराच वेळ वहीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हनूनच संध्याकाळी मोटर जयते." विहिरीवरची मोटर कमी व्होल्टेजवर का जळते, त्याचं कारण थोडं वेगळं आहे. तिथे तेवढंच पाणी ओढायला मोटर जास्त करंट घेते आणि वाइंडिंग तापतं. ते आम्ही दोघांनी मग बसून समजून घेतलं. बाबा सातवी शिकलेले. त्या दिवसापासून ते माझ्या वहीत स्वतः आकडे लिहायला लागले.

पहिली स्वतःची वस्तू केली ती टाकी भरली की वाजणारी घंटी. आमच्याकडे नळ रोज येत नाही. येतो तेव्हा सगळी भांडी, टाक्या भरून घ्यायची घाई असते, आणि टाकी वाहून अंगणात चिखल झाला की जीव तुटतो. बीसी ५४७ नावाचा ट्रान्झिस्टर, दहा किलोओहमचा रेझिस्टर, बारा व्होल्टचा बझर, बस. टाकीच्या काठाशी दोन तारा सोडायच्या. पाणी तिथवर आलं की पाण्यातून चिमूटभर करंट ट्रान्झिस्टरच्या बेस नावाच्या पायाला जातो आणि तो शंभरपटीने करंट बझरमधून जाऊ देतो. तांब्याच्या तारा महिनाभरात हिरव्या पडून खाऊन गेल्या. डीसी करंट पाण्यातून सतत जात राहिला की एका टोकाचं तांबं झिजतंच. त्यांच्या जागी स्टीलच्या चमच्यांचे दांडे लावले, ते अजून आहेत. ती घंटी आता गल्लीत सहा-सात घरी आहे.

दहावीनंतर बल्बचं काम मिळालं, म्हणजेच भिंतीतल्या लाईटीचं. पहिला धडा हा, की प्लग काढला म्हणजे वस्तू मेली असं नाही. २३० व्होल्ट एसी सरळ डायोडमधून, म्हणजे एकाच दिशेने करंट जाऊ देणाऱ्या पार्टमधून, काढून कपॅसिटरमध्ये साठवला की तो सव्वातीनशेपर्यंत चढतो आणि प्लग काढल्यावरही तिथे बसून राहू शकतो. आधी कपॅसिटरच्या पायांवर बल्ब नाहीतर मोठ्या वॅटचा रेझिस्टर लावून तो उतरवायचा, मग मीटरने शून्य पाहायचं, मगच बोट. आजकाल एलईडी बल्ब दुरुस्तीचे व्हिडिओ खूप फिरतात. काळा ठिपका पडलेला एलईडी खरवडून तिथे शोल्डरचा थेंब टाकला की बल्ब लागला. लागतो, हे खरं. पण सगळे एलईडी एकामागोमाग माळेत असतात आणि त्यांतला एक वगळला की उरलेल्यांना जास्त सोसावं लागतं, थोड्या दिवसांनी दुसरा जातो. त्यातही स्वस्त बल्बांत आतला सगळा सर्किट सरळ मेनशी, म्हणजे भिंतीतल्या लाईटीशी, जोडलेला असतो, कव्हर काढून बल्ब लावून पाहणं म्हणजे उघड्या तारेशी खेळ. तसला व्हिडिओ पाहून कोणी पोरगं बल्ब उघडतं आहे हे कळलं की मला आजही धडकी भरते. पंपाच्या बॅटरीला एक किलोओहमचा रेझिस्टर लावून बहुतेक वेळा एकेक एलईडी तपासता येतो. चांगला असेल तो मंद उजळतो. मेनची गरजच नाही.

आता झटका मशीनचं सांगते. आमच्या भागात रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाय, हा शेतकऱ्याच्या रात्रीच्या झोपेचा प्रश्न आहे. तूर, हरभरा वाचवायला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तार ओढतात आणि तिला झटका मशीन लावतात. हे मशीनही बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. आतला कपॅसिटर भरतो, मग तो एका ट्रान्सफॉर्मरमधून एका दमात रिकामा होतो आणि तारेवर काही हजार व्होल्टचा ठोका जातो. पण तो ठोका सेकंदाच्या अगदी बारीक अंशापुरता, आणि साधारण सेकंदाला एकच. दोन ठोक्यांच्या मधे तार मोकळी असते, म्हणून जनावर किंवा माणूस मागे सरकू शकतो. मेनची लाईट तारेवर सोडली तर ती सुटूच देत नाही. स्नायू आवळलेले राहतात आणि हृदय थांबतं. हे असं केल्याने दरवर्षी शेतकऱ्यांचे, शेजाऱ्यांचे, स्वतःच्याच घरच्या माणसांचे जीव जातात. तो गुन्हा तर आहेच.

बारावीच्या वर्षी जानेवारीत शेजारच्या काकांनी मशीन दुकानात आणलं. म्हणाले, झटका नाही, डुकरं सरळ तारेखालून येतात, आता मेनच लावतो. टेबलावर लावलं तर मशीन ठणठणीत. टिकटिक बरोबर, ठोका जोरदार. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं, मी म्हटलं, "वावरात जाऊन पाहावं लागेल."

गेलो. साधा मीटर अशा तारेला लावायचा नसतो, जळतो. काकाजींचा दिव्यांची रांग असलेला टेस्टर सोबत नेला होता, ठोका जितका जोरदार तितके जास्त दिवे लागणारा. मशीनजवळ त्याचे दोन दिवे लागले, वावराच्या टोकाला मुश्किलीने एक. धुऱ्यावरचं गवत जागोजागी तारेला टेकलं होतं, ते काकांनी विळ्याने कापलं. एक दिवा वाढला. मग मी अर्थिंग पाहिली. हातभर सळई काळ्या मातीत ठोकलेली, आणि पाऊस जाऊन तीन महिने झाल्याने माती भेगाळून सळईभोवती बोटभर फट. जनावराला झटका बसायचा तर करंट तारेतून त्याच्या अंगात, पायांतून मातीत आणि मातीतून त्या सळईमार्गे मशीनकडे परत यायला हवा. परतीचा रस्ताच तुटला होता. आम्ही विहिरीजवळच्या ओलसर जागी कमरेएवढ्या खोल तीन सळया ठोकल्या, एकमेकींपासून दोन-तीन पावलांवर, सगळ्या एकाच वायरने जोडल्या आणि दोन बादल्या पाणी ओतलं. वावराच्या टोकाला जाऊन टेस्टर लावला तर चार दिवे.

काकांनी मेनची वायर गुंडाळून ठेवायच्या आधी मला एकच विचारलं, ही मशीन इतकी चांगली होती तर दुकानात काय पाहायला आलो होतो. मी त्यांना टेस्टर हातात दिला आणि गवताची एक काडी तारेला टेकवून, मग काढून, दिवे पाहायला सांगितलं. ते ओली, कोरडी, जाड, बारीक अशा काड्या घेऊन बराच वेळ पाहत राहिले.

सध्या मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी गावी असले की आमच्या ओसरीत चार-पाच पोरं-पोरी येतात, सातवी ते दहावीतली. आयर्न अजून कोणाला दिलेलं नाही. मीटर आणि वही दिली आहे. दिवाळीनंतर हरभरा पेरायच्या आधी गावातल्या प्रत्येक झटका मशीनची अर्थिंग आणि बॅटरी, बॅटरी अर्थातच मशीन चालू ठेवून, तपासायची असं त्यांनीच ठरवलं आहे. टेस्टर एकच आहे, तेव्हा दुसरा करायचा. निऑनचे छोटे दिवे मागवले आहेत.